नसलेल्या पाहुण्यांचे यजमान

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना नेमकं काय हवं असतं, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. त्याने विचारलंच, तर हे त्याच्या प्रत्येक तोंडाला वेगळं उत्तर देतील.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. त्यांची कंपनी काय करते, तर घरोघरच्या टीव्हीखालच्या डब्यांत सिनेमांचे तुकडे आधीच भरून ठेवते आणि संध्याकाळी सगळ्यांना मिळून एकच खिचडी पाठवते. आपल्या डब्यातलं वजा करून ज्याने त्याने आपला सिनेमा काढून घ्यायचा. पंचाईत एवढीच, की त्या खिचडीवरून शेजाऱ्याने काय मागवलं तेही कळतं. ते कळू नये म्हणून हे गृहस्थ त्यात अस्तित्वातच नसलेले ग्राहक घुसवतात, आणि त्यांच्या नावाने भलभलतं मागवतात. दिवसभर हेच केल्यावर माणूस घरी येऊन वेगळं काय करणार? लिफ्टमध्ये सगळ्या मजल्यांची बटणं दाबतात. भाजीवाल्या मावशींकडे स्वतःला मेथी, मेव्हण्यांना दोडका, पाहुण्यांना सुरण असं मागतात. राहतात एकटे. मावशी एकदा म्हणाल्याच, "पाहुण्यांना एकदा खाली तरी आणा, सुरण कुठे खाजतोय विचारते." रिक्षावाल्याला त्यांनी एका दमात बिबवेवाडी, मांजरी आणि डेक्कन सांगितलं, तेव्हा तो मीटरला हातही न लावता म्हणाला, "काका, घरच्यांशी बोलून घ्या आधी."

गेल्या महिन्यात त्यांची बदली बंगळूरला झाली. जाण्याआधी त्यांना आवडीचं काहीतरी खाऊ घालावं असं ठरलं, आणि मग सोसायटीच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्यांची आवड कुणालाच कळलेली नाही. हे नागपूरकडचे, म्हणून आमच्या हिने पाटवड्यांचा रस्सा केला. बाकीच्यांनी त्यांच्या तोंडून कधीतरी ऐकलेलं जे आठवलं ते रांधलं. अळू, भरीत, पुरणपोळी, कुणी तर दोडक्याची भाजी. ते दुसऱ्यांदा काय वाढून घेतात, इकडे अख्ख्या सोसायटीचे डोळे. त्यांनी मिठासकट सगळं दुसऱ्यांदा घेतलं.

बॅगा टॅक्सीत चढवून झाल्यावर ते माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "अहो, अधूनमधून फोन करत जा."

मी सवयीने मेव्हण्यांच्या आणि पाहुण्यांच्या मागणीची वाट पाहत उभा राहिलो. टॅक्सी कोपऱ्यावरून वळली, तरी दुसरी मागणी काही आली नाही.