आजोबांचं एकाशन

मुलांनो, गेल्या भाद्रपदात आजोबांना सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं, एवढंच मी तुम्हाला फोनवर सांगितलं. बाकीचं आता तुमची ही आजी सविस्तर लिहिते. त्यात माझीही एक चूक आहे, ती वगळून लिहिणं बरं नाही.

आपल्या आष्ट्याच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आजोबा चाळीस वर्षं रोज सकाळी सोवळ्यात अभिषेक करत आले. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तो अचानक सोडला. बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे, तिथूनच हात जोडायचे आणि परत यायचे. या वयात यांची श्रद्धा डळमळली की काय, या विचाराने मी अस्वस्थ होते. मग त्यांनी एकाशन धरलं. दिवसातून एकदाच जेवण आणि पाणीही तेवढ्याच वेळी. स्वतःची धोतरं स्वतः धुऊ लागले. माझी शंका फिटली. हे वैराग्यच, असं मी ठरवून टाकलं आणि शेजारणींना कौतुकाने सांगत सुटले.

खरी गोष्ट वेगळी होती, ती मला पुढे दवाखान्यात कळली. त्यांना लघवीला सारखं जावं लागत होतं, तरी धार सुटत नव्हती, आणि नंतर थेंब कपड्यात पडत होते. अशा अंगाने देवाला शिवायचं कसं, म्हणून अभिषेक थांबवला. सारखं जावं लागू नये म्हणून पाणी तोडलं. एकाशन हे नाव आम्हा लोकांसाठी होतं. घरातल्या प्रत्येक डब्यात काय आहे याची चिठ्ठी लावणारी मी, पण धोतरं स्वतः का धुता, एवढं त्यांना विचारलं नाही.

भाद्रपदातल्या आमच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वातली एक सकाळ. आदल्या दिवशी त्यांनी सर्दीची गोळी घेतली होती. कट्ट्यावर बसले तेव्हा कपाळावर घाम होता आणि ओटीपोटावर हात. काय होतंय, म्हटलं तर म्हणाले, "वात आहे. तू आत जा." मी आत गेले, पण पूजेत मन लागेना. मूर्तीसमोर उभी राहून मी एवढंच मागितलं की, यांना बोलतं कर.

बाहेर आले तर त्यांच्या शेजारी एक अनोळखी म्हातारे बसलेले. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, मांडीशी कापडी पिशवी. कडेगावकडचे निवृत्त फौजी, बस्तीसमोर थांबणाऱ्या सांगलीच्या एसटीची वाट बघत होते.

"आवं मालक, लघवी तुंबलीया न्हवं?" ते आजोबांना विचारत होते.

"छे, छे. वात आहे," आजोबा म्हणाले.

"वात न्हाई आन् बित न्हाई. मी बी आसंच सांगत हुतो घरात." त्यांनी कापडी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत नळी होती आणि लघवीची प्लास्टिकची पिशवी. "ही बगा. परवा आपरेशन हाय, तवर हिला काखंत घिऊन फिरायचं. गोळीबाराला भ्यालो न्हाई गड्या, पर ह्ये सांगायला लय लाजलो. कवापासनं झाली न्हाई?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "काल संध्याकाळपासून," ते म्हणाले.

फौजी उठले. "वैनी, रिक्षा बलवा. यष्टीची वाट बगत बसायला येळ न्हाई."

ते आम्हाला सांगलीला स्वतःच्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. नळी घातल्यावर आजोबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि ते लहान मुलासारखे रडले. तपासण्या झाल्या. प्रोस्टेट ग्रंथी वाढली होती, कर्करोग नव्हता. डॉक्टर म्हणाले की, या वयात हे पुष्कळांना होतं. सर्दीच्या गोळीने अडथळा वाढला, आणि आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडांवर बेतलं असतं. पाणी तोडल्याबद्दल मात्र रागावले.

आजोबांचंही ऑपरेशन ठरलं आणि योगायोगाने दोघांचे पलंग शेजारी आले. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून असत. रोज पहाटे म्हणायचा णमोकार मंत्रही त्यांनी बंद केला होता. "अंगाला मूत्राची पिशवी लावून देवाचं नाव कसं घेऊ?" असं मला म्हणाले.

फौजींच्या ऑपरेशनचा दिवस उजाडला. स्ट्रेचर आलं, पण तो ताठ माणूस पलंगावरून उठेना.

"मालक," ते हळूच म्हणाले, "तुमचा त्यो मंतर म्हणा की. माजं देव समदं घाबरून बसल्यात."

आजोबा वळले. मग उठून बसले, फौजींचा हात धरला आणि खणखणीत आवाजात णमोकार म्हणू लागले. फौजी चुकतमाकत मागून म्हणत होते. स्ट्रेचर दाराआड गेलं तरी आजोबा थांबले नाहीत. पलंगाच्या कडेला पिशवी अर्धी भरून लटकत होती आणि त्यांना तिचं भान नव्हतं.

दोघांचीही ऑपरेशनं नीट पार पडली. त्या सकाळी कट्ट्यावर फौजींना कोणी बसवलं, यावर मी वाद घालणार नाही. मी मागितलं आणि ते तिथे होते, एवढं मला पुरेसं आहे. शुद्ध होऊनच देवापुढे जायचं, असं आम्ही जन्मभर धरून चाललो. पण आहे तसं, दुखऱ्या अंगासकट देवाच्या स्वाधीन व्हायचं असतं. हे आम्हाला ज्यांच्यामुळे उमगलं, त्या फौजींचे उपकार मी रोज स्मरते.