पराच्या बेचाळीस काड्या

मी बापूंना बेचाळीस हा आकडा सांगितला, त्या दिवसापासून बापूंनी मासे ओळखणं सोडलं.

बापू फिटर होते. नांदेडकडच्या शेतकरी घरातले, सातवीपर्यंत शिकलेले. बाहेरचा माल देशात मोकळा येऊ लागला त्या वर्षांत त्यांच्या कारखान्याने बऱ्याच जणांना मुदतीआधी घरी पाठवलं, त्यांत बापूही होते. चिक्कडपल्लीतल्या दोन खोल्यांत त्यांनी काचेच्या नऊ टाक्या मांडल्या. लोकांकडे सोनेरी मासे असत, बापूंकडे फक्त शिकारी. एका टाकीत एकच मासा. दुसरा सोडला तर संध्याकाळपर्यंत तो पहिल्याच्या पोटात असायचा. "आमच्याकडे पाहुणा आला की परत जात नाही," असं बापूंच्या बायको, आमच्या वहिनी, हसून सांगायच्या.

मी विद्यानगरला राहायचो आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. मासे ओळखायची माझी रीत पुस्तकी होती: खवले मोजायचे, माशाच्या पराला ताठ धरणाऱ्या काड्या मोजायच्या, मग तक्ता बघायचा. बापू मोजत नसत. टाकीत एक झिंगा टाकत आणि बघत बसत. "खायला निघतो कसा, ते बघायचं सर. रंग बदलतो, खाणं बदलत नाही." हे वाक्य माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं, आणि त्याचा मला राग यायचा.

गौलीगुड्यातल्या एका दुकानात तेव्हा परदेशी मासे येऊ लागले होते. फुगवलेल्या पिशव्यांतून बोटभर पिलं यायची, नावं बहुधा चुकीची असायची. एकदा मी भिंग लावून एका लांब चोचीच्या पिलाशी झगडत होतो. तेवढ्यात बापू आले. दुकानदार मला ओलांडून म्हणाला, "बापू मियाँ, देखो तो जरा. अमरीका का माल है."

बापूंनी वाकून पाहिलं. "क्या सेठ, कैकू मजाक करते? ये तो हमारी गोदावरी में पोते से मिलता."

दुकान हसलं. मीही हसलो. माझं भिंग तोवर तिसऱ्या खवल्यावर होतं.

मला दमा आहे. मृगाच्या दिवशी आमच्या शहरात दम्याचं औषध देतात. मरळीच्या जिवंत पिलाच्या तोंडात ते घालतात आणि पिलू गिळायचं असतं. एका वर्षी बापू माझ्यासोबत रांगेत उभे राहिले. माझ्या हातात पाण्याची पिशवी होती, तिच्यात विकत घेतलेलं पिलू. बापूंनी ती उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "सर, हे गिळू नका."

"का?"

"ही आपली मरळ नव्हं. हिची मान बघा, कशी वळवते."

विकणाऱ्याला विचारलं तर त्या वर्षी पिलं कमी पडली म्हणून काही कोलकात्याहून आगगाडीने आणली होती. बापूंनी मला दुसरं पिलू घेऊन दिलं आणि पहिलं स्वतःच्या घरी नेलं. मी माझं गिळलं.

सहा-सात महिन्यांत ते पिलू वीतभर झालं. रंगाने साध्या मरळीसारखंच मळकट. बापू मात्र ठाम होते: ही ब्रह्मपुत्रेकाठची, चिखलात बीळ करून राहणारी मरळ. कुणाकडे तरी त्यांनी तिचा एक जुना फोटो पाहिला होता. माझ्या पुस्तकात तिच्याबद्दल चार ओळी होत्या. लेखकाने स्वतः ती जिवंत पाहिली नव्हती. "तुम्ही एकदा मोजा सर," बापू म्हणाले. "तुम्ही हौ म्हणलात तर कोलकात्याला प्राण्यांचं सरकारी खातं आहे, तिथल्या मोठ्या सायबांना इंग्रजीत पत्र लिहू. माझ्या बोलण्याला कोण विचारतं?"

त्यांनी काचेचे तुकडे जोडून एक अरुंद डबा केला होता, मासा आत वळू नये असा. मी भिंग घेऊन बसलो. साध्या मरळीच्या पाठीवरच्या पराला चाळिसाच्या आसपास काड्या असतात, बिळातल्या मरळीच्या पराला पन्नासाच्या. मी दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा पन्नास आल्या.

शेजारी बापू डब्यावर वाकून उभे होते. वीस वर्षं मी तक्ते पाठ केले होते, आणि या माणसाने रांगेत उभ्या उभ्या पिशवीतून ओळखलं होतं.

"बेचाळीस," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं नाही. "मग डोळेच चुकले," एवढंच म्हणाले, आणि डबा अलगद पाण्यात बुडवला.

बापूंचा एक नियम होता. जो मासा बाजारात मिळतो त्याची जागा टाकीत नाही, ताटात. पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. वहिनींनी चिंच घालून मरळीचं कालवण केलं होतं. "सर, आणखी एक तुकडा घ्या," बापू आग्रह करत होते. "दम्याला बरं असतं. एवढे दिवस सांभाळली, तुमच्या कामी तरी येऊ द्या." मी घेतला. चव चांगली होती.

त्यानंतर गौलीगुड्यातल्या दुकानदाराने नवीन पिशवी पुढे केली की बापू म्हणायचे, "सर को पूछो. सर गिन के बोलते." दुकानदार माझ्याकडे वळायचा, लोक वळायचे. मला हवं होतं ते सगळं मिळालं. बापू मागे उभे राहून ऐकायचे. मी सांगितलेलं नाव चुकीचं आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दोन-तीनदा दिसलं. ते बोलले नाहीत. छापलेल्या पुस्तकाचा त्यांना आदर होता, आणि माझाही. मला तर त्यांच्या गप्प राहण्याचाही हेवा वाटायचा. मला तेही जमलं नसतं.

यंदा बापू गेले. झोपेतच गेले. तेराव्यानंतर मी वहिनींना भेटलो आणि पन्नास काड्यांची गोष्ट सांगितली. 

"तुम्ही मोजलंत त्या रात्री ते जेवले नव्हते," त्या म्हणाल्या. "म्हणले, पोट भरलंय." मग उठून त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला. तो मला घ्यावा लागला.

टाक्या त्यांच्या पुतण्याने नेल्या. कोलकात्याला पत्र कधी गेलं नाही. परवा गौलीगुड्यात एक नवीन पिलू आलं होतं. मी झिंगा टाकून तासभर पाहत बसलो. मला काहीच दिसलं नाही.