उघडं कार्ड

वीरभद्र पट्टणशेट्टी कोल्हापुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बावीस वर्षं बसले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांची बायको रत्नव्वा त्याच दुखण्यानं गेली. शेवटी शेवटी फोन आला की ती तोंड फिरवायची. पण माहेरच्या मैत्रिणीचं चार ओळींचं कार्ड आलं, ते मात्र तिनं तीनतीनदा वाचून घेतलं. वीरभद्रांच्या ते मनात राहिलं.

मग त्यांनी स्वतः कार्डं लिहायला घेतली. निवृत्तीनंतरही ते रोज हॉस्पिटलात जाऊन बसत, त्यामुळे उपचार संपवून घरी जाणारी माणसं ओळखीची झालेली असत. "काका, पत्र टाकत जावा," म्हणून पत्ता देऊन जात. त्यांना महिन्याला एक पोस्टकार्ड. अक्षर टपोरं, चष्म्याशिवायही लागावं असं. उत्तरं थोडीच यायची. काही कार्डं 'मयत' असा शेरा घेऊन परत यायची. तरी आठ वर्षं त्यांनी खंड पडू दिला नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी पंचविशीची एक मुलगी दारात उभी राहिली.

"पट्टणशेट्टी काका तुमीच न्हवं? मी शिरोळची. तानाबाईंची क्रांती."

"ये की बाळ! आई बरी हाय न्हवं?"

ती आत आली, पण बसली नाही. पर्समधून कार्ड काढून तिनं खाटेवर ठेवलं. अक्षर त्यांचंच होतं. 'केमो-रेडिएशन संपलं, मोठं संकट टळलं. केस पुन्हा येतील. घाबरू नका.'

"आईचं दुखणं आमी कुणालाच सांगितलं न्हवतं," क्रांती म्हणाली. "पोटाचं आपरेशन म्हणून सांगितलं हुतं. घराला कुलूप बघून पोस्टमननं ह्ये कार्ड दूध डेअरीत दिलं. तितं चारचौघांनी वाचलं. माझं ठरल्यालं लगीन मोडलं, काका. आईला हाय म्हंजी पोरीलाबी हुणार, म्हणाली ती माणसं."

"मी... चांगल्यासाठीच गं..."

"ते ठावं हाय की. म्हणून तर भांडायला आले न्हाय. फकस्त परत लिवू नका."

ती चहालाही थांबली नाही.

वीरभद्रांनी खाटेवरचं कार्ड उचलून पुन्हा वाचलं. खिडकीशी येणारे नातेवाईक दुखण्याचं नाव कसं कुजबुजत सांगायचे, ते त्यांना आठवलं. मग वीरभद्रही आवाज खाली आणून विचारायचे. बावीस वर्षं जे जपलं, तेच आपण टपोऱ्या अक्षरात उघड्यावर लिहिलं!

दोन दिवसांनी एसटीनं ते शिरोळला गेले. तानाबाई उंबऱ्यात मेथी निवडत होत्या, डोक्याला रुमाल. वीरभद्रांनी हात जोडले.

"तुमचा काय दोष ओ?" तानाबाई म्हणाल्या. "तुमचं कार्ड आलं की दोन दिस जेवण ग्वाड लागायचं मला. पर पोरगी बोलंना झालीया. मी मेले असते तर तिचं लगीन तरी झालं असतं बगा."

"असं म्हणू नका, ताई."

"मग काय म्हणू?"

तानाबाईंनी पुढे केलेलं पाणी वीरभद्र सगळं प्याले, आणि उठले.

लिहिणं थांबलं. पेन हातात घेतलं की प्रत्येक पत्त्यामागे एक घर दिसायचं, आणि त्या घरात आणखी कुणाचं तरी ठरलेलं लग्न. आपण आजवर किती घरांत असं करून ठेवलं असेल? जिथून कार्ड परत आलं नाही तिथे सगळं बरं आहे, असंच ते धरून चालले होते.

तीन महिन्यांनी पेठ वडगावच्या गुंडू अण्णांचं पत्र आलं. घशाच्या दुखण्यानं अण्णांचा आवाज कायमचा गेला होता. 'कार्ड न्हाय. तुमी हाय का गेला?' एवढंच लिहिलं होतं.

चार दिवस ते पत्र वीरभद्रांच्या उशाखाली पडून राहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी पाकीट आणलं. 'आहे. तुम्ही कसे आहात?' दुखण्याचं नाव नाही, धीराचा शब्द नाही. पाकिटाची कड त्यांनी डिंकानं दोनदा चिकटवली, उजेडाला धरून आतलं काही दिसतं का ते पाहिलं, आणि ते पेटीत टाकलं. पूर्वी पत्र टाकून परतताना पाय हलके व्हायचे. आज घराकडे वळता वळता ते दोनदा पेटीपाशी परत आले. हे पाकीट तिथे कुणी फोडलं तर?