पहिल्या रांगेतली खुर्ची

आयर्लंडमधल्या नावन गावात माझ्या शेजारी एक डच आजोबा राहतात. ऐंशी ओलांडलेले. चाळीस वर्षांपूर्वी बायकोबरोबर इकडे आले, बायको गेली, हे राहिले. मागच्या अंगणात दगडाच्या मूर्ती घडवतात. मी दिवसभर घरूनच काम करते, एकटी. मीटिंगमधले आवाज सोडले तर त्यांच्या छिन्नीची टकटक हीच काय ती सोबत. शनिवारी मी त्यांना पोहे नेऊन द्यायचे. "फार तिखट आहेत," असं ते तोंडावर सांगायचे! पहिल्यांदा असा राग आला होता! "छान झालेत हं" म्हणावं आणि वाटी परत द्यावी, एवढीही रीत नाही?

एकदा ते पत्र घेऊन दारात आले. त्यांच्या देशात शिल्पकारांना आयुष्यभराच्या कामासाठी पुरस्कार देतात, तो यंदा त्यांना मिळाला होता. मी धावत जाऊन साखर आणली, त्यांच्या हातावर ठेवली. ती खाऊन ते म्हणाले, "तिथे समारंभात पहिल्या रांगेत घरच्या माणसासाठी एक खुर्ची असते. तू येशील?"

"अहो, येणार म्हणजे काय! नक्की येणार!"

आता हे आपलं बोलणं. पत्रिका हातात पडली की आपण "नक्की येतो" म्हणतो, आणि देणाऱ्यालाही कळतं, जमलं तर येईल. मी दार लावलं आणि विसरले. तिकडे जायला मला वेगळा व्हिसा लागतो, त्याला कित्येक आठवडे जातात, हे मला ठाऊक होतं. त्यांना कुठून ठाऊक असणार? मधे त्यांनी विचारलं, "तिकीट काढलंस?" मी म्हटलं, "काढते की!" वर इथल्या लोकांसारखं "ग्रँड!", म्हणजे सगळं ठीक, असंही ठोकून दिलं. जीभ कशी झडली नाही माझी!

समारंभाला निघायच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात आजोबा. नवा टाय, चकचकीत बूट, मागे टॅक्सी. मी गाऊनमध्ये, हातात चहा.

"व्हिसा... मी काढलाच नाही," मी कसंबसं म्हटलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. "नाही म्हणायचं होतंस. मी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं," म्हणाले. मग वळता वळता, "तसं दुसरं कुणी नव्हतंच," आणि टॅक्सीत जाऊन बसले.

चार दिवसांनी टकटक पुन्हा सुरू झाली. मी शिरा घेऊन गेले. चूक झाली की आपल्याला गोड करण्यापलीकडे सुचतं काय! त्यांनी फोटो दाखवला. मंचावर ते, समोर भरलेली रांग, मधे एक रिकामी खुर्ची.

"तिथे दुसऱ्याला बसवत होते. मी बसू दिलं नाही."

मग खिशातून खुर्चीवरचा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यावर माझं नाव, खाली डचमध्ये एक शब्द. "म्हणजे कुटुंब," ते म्हणाले.

मला रडूच फुटलं. चार वर्षांत या देशात कुणी माझ्यासाठी जागा धरली नव्हती, आणि धरली तीही मीच रिकामी ठेवली.

त्यांनी शिऱ्याचा घास घेतला. "फार गोड आहे. रविवारी जेवायला येशील?"

ओठांवर आलेलं "नक्की" मी गिळलं. "किती वाजता?" मी विचारलं.