पेंटर श्रीमंतची डावी बाजू

अहमदपूर तालुक्यातल्या पाट्यांवरून उस्मानाबाद पुसून तिथं लातूर लिहायचं काम श्रीमंत पेंटरनं केलं. ब्याऐंशी साली नवा जिल्हा झाला आणि शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती, सगळ्यांनाच आपलं नाव नव्यानं रंगवून घ्यायची घाई झाली. श्रीमंत सायकलला शिडी बांधून गावोगाव फिरायचा. म्हणायचा, "जिल्हा सरकारनं जाहीर केला असंल, पण केला मी."

दोन वर्षांनी त्याच्या डोक्यात गाठ निघाली. उजव्या बाजूला, लिंबाएवढी. हैदराबादला डोकं उघडून ती काढली आणि नंतर महिनाभर मशीनखाली निजवून त्या जागेवर किरणांचा शेक दिला. श्रीमंत बरा होऊन आला. कानावरच्या एका चकत्यात केस उगवले नाहीत, तेवढंच. "तिथं अजून एक हात मारायचा राहिलाय," तो सांगायचा.

शहाऐंशीचा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस रुसून बसला होता, विहिरींचे तळ दिसत होते. श्रीमंतनं एका शाळेची पाटी रंगवली आणि शिडीवरून उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हेडमास्तर शेषेराव बराच वेळ वर बघत राहिले. उजव्या अर्ध्यात अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली होती. डावा अर्धा कोरा, पांढरा, नुसता.

"पेंटर, आमची शाळा अर्धीच भरती का?"

"का बरं? पुरी झाली की पाटी," श्रीमंत म्हणाला. मास्तरांची नजर बिघडली, असं त्यानं घरी येऊन बायकोला, गुणाबाईला सांगितलं.

मग घरातही तेच सुरू झालं. उजवी मिशी कोरलेली, डावी रानासारखी. उजव्या पायात चप्पल, डावा अनवाणी. दाराच्या डाव्या चौकटीला रोज खांदा आपटायचा आणि तो चौकटीला शिव्या घालायचा. जेवताना ताटातलं उजवीकडचं संपवून ओरडायचा, "भाकर न्हाई का अजून?" डावीकडं अर्धी भाकर तशीच पडलेली असायची. गुणाबाई ताट अर्धं फिरवायची.

"हां, ही कुटं लपवली होती?"

पहिल्यांदा ती हसली. मग हसता हसता तिला धाप लागली आणि ती चुलीकडं तोंड करून बसली. गाठ परत आली, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

नांदेडच्या डॉक्टर शिवमूर्तींनी श्रीमंतला पुन्हा हैदराबादला पाठवून डोक्याचा फोटो काढून आणवला. तो उजेडाला धरून ते म्हणाले, "गाठ परत आली असेल. नाहीतर शेकानं भोवतालचा चांगला मेंदू करपला असेल. करपलेली जागा सुजते आणि शेजारच्याला दाबते. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं."

"म्हंजे पापुद्र्याला आराची धग दिली अन् भाकरच करपली," गुणाबाई म्हणाली. "पण शेक देऊन दीड साल झालं की साहेब."

"मेंदू सावकाश करपतो, बाई." त्यांनी सूज उतरवायच्या गोळ्या लिहून दिल्या. सकाळी, संध्याकाळी. कमी कधी करायच्या ते ते सांगणार होते. "मनानं काही करायचं नाही. गोळ्यांनी सूज उतरली आणि उतरलेली राहिली, तर करपल्याचं म्हणू. चालू गोळ्यांवर पुन्हा वाढलं, तर गाठच. मग डोकं परत उघडावं लागेल."

दहा दिवसांत श्रीमंतनं दोन्ही मिशा सारख्या कोरल्या. पण गोळ्यांनी भूक अशी पेटवली की सहा भाकरी खाऊन तो सातवीकडं बघायचा. तोंड सुजून गोल झालं, गाल चकाकू लागले. गावात टँकर यायचा तिथं घागरींच्या रांगेत सगळे हडकलेले, आणि त्यात हा टवटवीत.

शेजारची सरजाबाई म्हणायची, "गुणाबाई, नवरा तुजा नुसता टच्च! आमाला बी सांग की, जवारी कुटं पुरलीस?"

"त्येच्या गालात," गुणाबाई सांगायची. रांग हसायची. श्रीमंतही हसायचा, पण हसून झाल्यावर गुणाबाईच्या वाळलेल्या हातांकडं बघायचा. ती दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडून यायची.

महिन्यानं चौकट पुन्हा खांद्याला लागू लागली. मग एक चप्पल. मग अर्धं ताट. गुणाबाईनं पिशवी भरली आणि दोघं नांदेडच्या एसटीत बसले. श्रीमंतनं झाकण घट्ट बसवलेला रंगाचा एक डबा मांडीवर घेतला होता. लोह्याच्या पुढं रस्त्याचे खड्डे लागले आणि डबा वाजू लागला.

"काय वाजून राहिलंय त्यात?"

"खडे. रंग ढवळायला."

डॉक्टरांनी त्याला तपासलं. कागदावर फूल काढायला लावलं. त्यानं अर्ध्याच पाकळ्या काढल्या आणि फूल कसं झालं म्हणून विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, गोळ्या चालू असून वाढलंय. आता मला गाठच धरावी लागेल. हैदराबादला चिठ्ठी देतो." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

खोलीत पंखा फिरत होता. गुणाबाईला तो दिसत होता, ऐकू येत नव्हता. तिला भलतंच काहीतरी ऐकू येत होतं. सुक्या डब्यात वाजणारे खडे. ढवळायला खडे टाकले, तर रंग कुठं होता?

तिनं नवऱ्याच्या मांडीवरचा डबा ओढला, झाकणात किल्ली घालून उचकटलं आणि टेबलावर उपडा केला. पांढऱ्या गोळ्या घरंगळत डॉक्टरांच्या कागदांवर पसरल्या.

"सकाळच्या घेतो मी, साहेब," श्रीमंत म्हणाला. "संध्याकाळच्या वाचवल्या. एक बी फेकली न्हाई. तुमालाच वापस द्यायला आणल्या."

"वाचवल्या?"

"आंघुळीचं पानी आमी भांड्याला वापरून राहिलो, भांड्याचं म्हशीला. सगळंच पुरवून पुरवून चाललंय. म्हटलं, गोळीबी अर्धी पुरवावी. भूक तरी अर्धी हुईल." तो थांबला. "हिच्या ताटात भाकर ऱ्हात नव्हती."

गुणाबाईचा आवाज चढला. "माझ्या ताटात बघायला तुमाला कुणी सांगितलं? सोताच्या ताटातलं अर्धं दिसत न्हाई, अन् माझं बरं दिसलं!"

डॉक्टरांना हसावं की रागवावं कळेना. आधी ते रागावले. अशा गोळ्या एकाएकी तोडल्या तर माणूस उभ्याचा आडवा होतो, सकाळची चालू होती म्हणून तू वाचलास, असं त्यांनी खडसावून सांगितलं. मग चिठ्ठी फाडली. "अर्ध्या गोळ्यांवर वाढलंय, त्यावरून गाठ ठरत नाही. पुरी गोळी, दोन्ही वेळा. पंधरा दिवस हैदराबाद थांबेल. भूक गोळीची आहे, गोळी कमी करू तशी तीही जाईल. आणि पंधराव्या दिवशी मला कार्ड टाकायचं. यानंच लिहायचं, कुणी हात धरायचा नाही."

त्या पंधरा दिवसांत गुणाबाई दोन्ही वेळा त्याच्या तोंडात बोट घालून गोळी गिळली का बघायची. "बैल हाय का मी?" तो विचारायचा. "बैल बरा, त्येला दोन्हीकडचा कडबा दिसतो," ती म्हणायची. अकराव्या दिवशी ती ताट फिरवायला वाकली, तर डावीकडचा कांदा नव्हता. एका कांद्यावर विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती.

पंधराव्या दिवशी तिनं कार्ड आणि शाई त्याच्यापुढं ठेवली आणि आपण दारात ज्वारी निवडत बसली. तिला वाचता येत नव्हतं. पण पत्ता उजवीकडं लिहितात आणि मजकूर डावीकडं, हे तिला ठाऊक होतं. श्रीमंतनं पाटी रंगवावी तसा श्वास रोखून पत्ता लिहिला. मग हात थांबला. बराच वेळ थांबला. गुणाबाईनं तेच तेच दाणे पुन्हा सुपात घेतले.

"घे, झालं," तो म्हणाला.

तिनं कार्ड हातात घेतलं. डावा अर्धा काठापासून काठापर्यंत अक्षरांनी काळा झाला होता.

"एवढं काय लिवलंय?"

"तुज्या तक्रारी. जागा पुरली न्हाई."

तिनं कार्ड पदराखाली धरलं आणि पोस्टाच्या पेटीकडं निघाली. त्याला दोन्ही चपला घालायला सांगून.