पिस्तुलाखालची उशी

एकतीस वर्षं मी मुलींना एकच गोष्ट ओरडून ओरडून सांगितली. टेकायचं नाही. सांगलीच्या एका कॉलेजात मी क्रीडाशिक्षिका होते आणि संध्याकाळी मुलींना एअर पिस्तूल शिकवायचे. हवेच्या दाबावर छर्रा सोडणारं पिस्तूल, उभं राहायचं, एकाच हातात धरायचं आणि दहा मीटरवरच्या कागदावर मारायचं. दुसरा हात खिशात. दमून कुणी कोपर टेबलाला लावलं की मी मागून लाकडी पट्टीनं टेबल वाजवायचे. नुसती माझ्या चपलांची चाहूल लागली तरी कोपरं पटापट उचलली जायची.

अशा बाईवर सदुसष्टाव्या वर्षी, हॉलंडमध्ये बसून, स्वतःच्या पिस्तुलासाठी टेकू निवडायची वेळ आली. कर्म माझं!

झालं असं, की लेकीकडे तीन महिन्यांसाठी म्हणून मी आइंडहोवनला आले आणि करोनानं विमानंच बंद पडली. लेक तिथे चिप बनवायच्या यंत्रांवर काम करते. यंत्र किती थरथरतं ते मोजायचं आणि ती थरथर थांबवायची, एवढंच तिचं काम. आणि माझा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता, जे मी तिला सांगितलं नव्हतं.

सांगलीत एकटीच राहते मी. हे जाऊन आठ वर्षं झाली. एकट्या माणसाची थरथर बघायला कोण येतंय? कप अर्धाच भरायचा, सही सावकाश करायची, चारचौघांत डावा हात पुढे करायचा. पण लॉकडाऊनमध्ये लेक दिवसभर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेली. चौथ्याच दिवशी माझ्या हातातला चहा बशीत सांडला आणि तिनं मान वर केली.

"कधीपासून?"

"आत्ताच गं. थंडी आहे ना."

"आई."

"दोन वर्षं," मी म्हटलं.

ती थरथरीवर चिडली नाही, लपवण्यावर चिडली. इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात पुढे धरायला लावले, पेल्यातलं पाणी प्यायला लावलं आणि सांगितलं की वयाचा कंप आहे, दुसरं भलतंसलतं काही नाही. माझा खांदाही दुखायचा, त्याला पॅरासिटामोल. इथे कशालाही पॅरासिटामोलच. मला हायसं वाटलं, पण लेकीनं घरी येताना गाडीतच निकाल देऊन टाकला. विमानं सुरू झाली तरी तू सांगलीला एकटी राहायचं नाहीस. इथेच राहायचं. कायमचं.

तिचं घर छान आहे, जावई लाखात एक आहे, तक्रारीला जागा नाही. पण माझं कुलूप, माझी किल्ली, सकाळी माझं मी उघडलेलं दार, ते सगळं एका कपभर चहापायी सोडायचं?

"दहापैकी दहा छर्रे काळ्यात मारून दाखवले तर?" मी विचारलं. कागदावर मध्यभागी काळा गोल असतो, त्यात.

"तर जा," ती म्हणाली. तिला वाटलं असणार की पिस्तूल मिळणार कुठे.

पिस्तूल मिळालं शेजाऱ्यांमुळे. पंचाहत्तरीचे, उंचेपुरे डच गृहस्थ. कुंपणापलीकडून माझ्या कोथिंबिरीची चौकशी करायचे. मी बागेत उभी राहून रिकाम्या हातानं नेम धरत होते, ते त्यांनी पाहिलं आणि कुंपणाशी येऊन विचारलं, "पिस्तूल?" निघाले नेमबाजीच्या क्लबचे जुने मेंबर! शिवाय शिकारी. तरुणपणी आफ्रिकेत जाऊन पिस्तुलानं हरणं मारलेली. इथे पिस्तुलानं शिकार करूच देत नाहीत, म्हणून सगळ्या गोष्टी तिकडच्या. आम्ही दोघंही मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचो, त्यामुळे आमचं छान जमलं.

त्यांनी सांगितलं, क्लब उघडला की मी तुम्हाला पाहुणी म्हणून नेतो. म्हाताऱ्यांना तिथे बसून, पिस्तुलाखाली आधार घेऊन मारता येतं, त्याच्या वेगळ्या स्पर्धाही होतात. फक्त करोनामुळे एक नियम आलाय. क्लबची पिस्तुलं पुसून देतात, पण वाळूच्या पिशव्या पुसता येत नाहीत, म्हणून टेकू ज्याचा त्यानं घरून आणायचा.

"मला टेकू नको," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हात कापत होता. मला इतका राग आला, की मी कोथिंबीर न देताच आत आले.

रात्रभर जळफळाट झाला, पण सकाळी डोकं ताळ्यावर आलं. दहा काळ्यात हवेत की तोरा हवा? टेकू शोधायचा ठरलं. आणि गंमत बघा, जिला मी हरवायला निघाले होते तीच लेक टेकू करायला पुढे सरसावली. थरथर दिसली की तिला राहवतच नाही. तिनं जावयाच्या ड्रिल मशीनला लेझरचा पॉइंटर टेपनं चिकटवला. वजन साधारण पिस्तुलाएवढं आणि मूठही तशीच. मी ते भिंतीवर रोखायचं, तिनं लाल ठिपक्याचं मोबाइलवर शूटिंग करायचं, मग लॅपटॉपवर आलेख. माझ्या हाताचा आलेख! डोंगरच डोंगर.

आधी कॅमेऱ्याचा ट्रायपॉड झाला. तो उंचीला बरा, पण ड्रिल ठेवलं की मान टाकायचा. मग शेजाऱ्यांच्या काठ्या. वरच्या टोकाला चामड्यानं बांधलेल्या दोन काठ्या, कात्रीसारख्या उघडायच्या आणि त्या खाचेत पिस्तूल धरलेला हात टेकवायचा. म्हणाले, रानात टेबल कोण नेतं? पाठीवर मावेल, आवाज करणार नाही आणि जनावर मान वळवायच्या आत लावता येईल, तोच टेकू खरा. काठ्या मला मनापासून आवडल्या. पण त्या जमिनीवर बसणाऱ्यासाठी, गुडघे साथ देणाऱ्यासाठी. खाली बसले खरी, उठवायला जावई बोलवावा लागला. त्यानंतर तीन किलो तांदळाची पिशवी शिवली. उत्तम बसली! पण सायकलला लावली की सायकल एका अंगाला कलायची, आणि इथे क्लबला जायचं म्हणजे सायकलनंच. हलक्यात हलकं म्हणून कुरमुरे भरून पाहिले. त्याबद्दल न बोललेलं बरं.

शेवटी लेकीनं ॲल्युमिनियमचे भाग मागवून तिच्या बुद्धीनं एक स्टँड जोडला. खाली रुंद पाय, वर रबर लावलेली पकड, त्यात मनगट आणि मूठ दोन्ही गच्च बसायची. घडी घालून पिशवीत जाणारा, तांदळाच्या निम्म्यानंही वजन नाही. भिंतीवरचा ठिपका हलेचना.

"बघ आई, सपाट रेष!" तिचा चेहरा असा उजळला की मला पैज विसरायला झालं. माझा हात थांबवायला माझ्या मुलीनं रविवारची दुपार घातली होती. छाती भरून आली माझी, खोटं कशाला बोलू.

क्लब उघडला तेव्हा एकेक जागा सोडून बसायचं, कँटीन बंद, दाराशी हातावर औषध चोळायचं असा सगळा प्रकार. मी ऐटीत स्टँड उघडला, मनगट पकडीत बसवलं आणि पहिला छर्रा मारला. पांढऱ्यात. दुसरा त्याहून लांब. दहातले चार काळ्यात, सहा बाहेर, तेही कुठेही विखुरलेले. मी शिकवलेल्या मुलींपैकी पहिल्या आठवड्यातल्या मुलीनंही याहून बरं मारलं असतं.

लेक मागे दीड मीटरवर उभी होती. "असं कसं?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "रेष तर सपाट होती."

मला मात्र पहिल्याच छर्‍याला कळलं होतं. ड्रिलचा चाप कुणी ओढला होता? मनगट आवळून धरलं की थरथर जाते कुठे? बोटात येते. आणि नेमबाजीत सगळा खेळ त्या एका बोटाचा. यंत्राची थरथर दाबून थांबत असेल, बाईची थांबत नाही. शिवाय शेजाऱ्यांनी सांगितलं ते वेगळंच. कडक वस्तूवर कडक हात ठेवलात तर प्रत्येक छर्‍याला पिस्तूल उडणार. खाली मऊ हवं, आणि नळीखाली नाही, हातांखाली. मग माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर तळवा खाली दाबत म्हणाले, "रुस्तिख, रुस्तिख." डच लोक घोड्यालाही असंच म्हणतात म्हणे. शांत, शांत.

त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मी मनात सांगलीच्या घराचं सामान कुणाकुणाला द्यायचं ते ठरवत होते. मिक्सर धाकट्या जावेला, असं. इतकी हरले होते मी.

पुढच्या आठवड्यात मी मास्क शिवत बसले होते. आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांच्या तोंडाला तेव्हा माझे मास्क होते. एकच पंचाईत, सुईत दोरा लेकीकडून ओवून घ्यावा लागायचा, आणि त्या दिवशी ती मीटिंगमध्ये. माझा खांदा दुखत होता म्हणून मांडीवर उशी घेतली होती. इथे चेरीच्या बिया भरलेली छोटी उशी मिळते, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दुखऱ्या जागी ठेवायची. लेकीनंच आणलेली. त्या उशीवर दोन्ही हात ठेवून मी सहज दोरा पुढे केला आणि तो पहिल्या फटक्यात आत गेला.

मी बघतच राहिले. दोरा काढला, पुन्हा ओवला. पुन्हा गेला! बिया हाताखाली सरकून हाताचा आकार घेतात, ऊब मनगटातून वर चढते, आणि हाताला कुणी आवळत नाही. हात कापत होता, पण हळूच, समजुतीनं. वजन म्हणाल तर पाऊण किलो. मी खुर्चीतून ओरडले, "अगं ए, मीटिंग मरू दे! इकडे ये!"

तिनं कॅमेरा बंद केला, आली, मी तिसऱ्यांदा ओवून दाखवलं. आलेख काढायला लॅपटॉप उघडायला निघाली, मग थांबली आणि खाली माझ्याशेजारी बसून नुसती हसली. "पैज पुन्हा एकदा," म्हणाली.

पुन्हा क्लबला गेलो तेव्हा उशी गरम करून टॉवेलात गुंडाळली आणि सायकलच्या टोपलीत ठेवली. टेबलावर उशी, उशीवर दोन्ही हात, हातात पिस्तूल. खरं सांगते, बसताना कानात माझी स्वतःचीच पट्टी वाजली. पण बसले. श्वास घेतला, अर्धा सोडला, बोट हळू मागे. काळ्यात.

दुसरा काळ्यात. तिसरा, चौथा. घाई केली नाही, दोन छर्‍यांमध्ये पिस्तूल खाली ठेवत गेले, मुलींना शिकवायचे तसं. सातव्याला मागून लेकीचा श्वास ऐकू यायचा बंद झाला. नऊ झाले. नऊच्या नऊ काळ्यात! सदुसष्ट वर्षांची, कंप सुटलेली बाई, आणि नऊ! अंगावर काटा आला, तो आजही येतो.

दहाव्याला उशी निवत आली होती. मला कळत होतं. थांबून क्लबच्या ऑफिसातल्या मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम करून आणायला हवी होती, पण थांबले नाही. हाव. बोट मागे गेलं.

कागद दोरीवरून सरकत जवळ आला. दहावं भोक काळ्याच्या अगदी काठाशी. रेषेला जरा जरी शिवलं तरी काळ्यातच धरतात. शेजाऱ्यांनी खिशातून भिंग काढलं, वाकून पाहिलं, मग मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले. "शिवलंय," ते म्हणाले. "दहा."

मी भिंग मागून घेतलं. एकतीस वर्षं मी हेच केलंय. रडणाऱ्या मुलींच्या तोंडावर निकाल दिलेत, एकीची तर निवड हुकली होती केसाच्या अंतरानं. मी नीट पाहिलं. भोक आणि रेषा यांच्या मध्ये पांढरं होतं. दोऱ्याएवढं, पण होतं.

"नाही शिवलेलं," मी म्हटलं. "नऊ."

शेजारी काहीतरी बोलू लागले, मी मान हलवली. भिंग परत दिलं आणि लेकीकडे वळले. "हरले गं. राहते मी इथे."

तिनं कागद उचलला. भिंग तिनं मागितलंच नाही.

"आई, ते म्हणत होते दहा. मला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं की."

"मग हाताचा कंप वाढला तर सांगशील? लपवणार नाहीस?"

"नऊला दहा म्हटलं का मी?"

"नाही." तिनं नाक ओढलं. "मग जा तू. विमान सुरू झालं की जा तुझ्या घरी."

तिच्या हातातला कागद फडफडत होता. आत वारा नव्हता, हातच कापत होते तिचे. ज्या हातांनी अख्ख्या कारखान्याची यंत्रं शांत केली, तेच हात. मी टेबलावरची उशी उचलली, अजून थोडी ऊब होती तिच्यात, आणि तिच्या हातांखाली सरकवली.

"टेकव," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.