टपावरची पेटी

मोटारीच्या टपावर काय बसवावे, याचा निर्णय मी पंधरा दिवस विचार करून घेतला आणि तो चुकला. घाईत घेतलेला निर्णय चुकला तर माणूस घाईला दोष देऊ शकतो. मला ती सोय नव्हती.

सोलापुरात चादरींचा व्यापार हा आमचा पिढीजात धंदा. माझ्याकडे एक जुनी काळी मोटार होती. ट्रान्सपोर्टच्या लॉरीने माल पाठवला तर आठ-आठ दिवस लागत, आणि हमालांच्या आकड्यांनी गठ्ठे फाटत. म्हणून अक्कलकोट, गुलबर्गा, विजापूर या बाजूचा थोडाथोडका माल मी स्वतः मोटारीने पोहोचवीत असे. टपावर लोखंडी पट्ट्यांचे उघडे कॅरिअर होते. त्यावर गठ्ठे रचायचे, वरून ताडपत्री टाकायची, सुंभाने आवळायचे आणि निघायचे. दहा वर्षे हेच चालले होते.

त्या काळात शहराच्या पूर्व भागात हातमाग एकामागून एक बंद पडत होते. गल्लीत शिरले की पूर्वी मागाच्या फणीचा ठेका ऐकू येई. आता पॉवरलूमचा खडखडाट येई आणि त्यात बोलणे ऐकू येत नसे. मी ज्यांच्याकडून माल घेत असे ते एक तेलुगू बोलणारे विणकर होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना अण्णा म्हणत असे. ते मला सावकार म्हणत, कारण त्या गल्लीत माल उचलणाऱ्या प्रत्येकाला सावकारच म्हणत. त्यांचे तीन माग होते. दोन थांबले होते. तिसऱ्यावर ते स्वतः बसत.

दुष्काळानंतरच्या वर्षी गुलबर्ग्याच्या एका वसतिगृहाने चादरींची चौकशी केली. मी अण्णांच्या दहा चादरी नमुन्याला नेल्या. पांढरी जमीन, दोन्ही बाजूंना लाल काठ. वसतिगृहाचे व्यवस्थापक वयस्क, कडक गृहस्थ होते. त्यांनी चादर उजेडात धरली, काठ ओढून पाहिला आणि कन्नडमध्ये म्हणाले, “विणकाम चोख आहे. पण चादर आहे की शेताचा बांध? ही धूळ बघा.”

खरेच होते. दोन वर्षांच्या अवर्षणाने रस्त्याकडेची माती पिठासारखी झाली होती. ताडपत्रीखालून ती आत शिरे आणि पांढऱ्यावर उठून दिसे.

“साठ आणा,” ते म्हणाले. “स्वच्छ आणा. त्या पसंत पडल्या तर पुढे सगळ्या वसतिगृहाला तुमच्याच.”

मी हे अण्णांना सांगितले. त्यांनी थांबलेल्या दोन मागांकडे पाहिले. वसतिगृहाचे काम मिळाले तर ते तीनही माग चालणार होते. न मिळाले तर माग मोडून अण्णांनी दुसऱ्याच्या पॉवरलूमवर मजूर म्हणून उभे राहायचे, हे ठरलेले होते. त्यांच्या मेहुण्याने कारखान्यात बोलूनही ठेवले होते. एवढा एकच प्रश्न होता आणि तो साठ चादरींवर येऊन थांबला होता.

मी टपाचा विचार सुरू केला तो तेव्हा.

उघड्या कॅरिअरचे गुण मला ठाऊक होते. ते हलके. त्यावर लांब, रुंद, वेडेवाकडे काहीही मावते. दोष असे, की धूळ जाते, पाऊस आला तर ताडपत्रीवर भरवसा नाही आणि मुक्कामाला प्रत्येक वेळी सगळे सोडून खोलीत न्यावे लागते, नाहीतर चोरी. दुसरा मार्ग बंद पेटीचा. पत्र्याची, झाकणाची, कुलपाची. ती जड. मोटार जास्त पेट्रोल पिणार, वाऱ्याला अडणार. पण धूळ नाही, पाणी नाही, चोर नाही. मी दोन्हींच्या बाजू मनात पुन्हा पुन्हा मांडल्या. प्रत्येक वेळी धूळच वरचढ ठरली.

गावातल्या विजापूर वेशीजवळ एक मिस्त्री लॉऱ्यांच्या बॉडीची कामे करी. त्याच्याकडे गेलो. त्याने टपाचे माप घेतले, कानावरची पेन्सिल काढून पत्र्यावरच आकृती काढली.

“सेठ, बाजू को जाली रखतूं. दोनों तरफ.”

“जाळी नको. जाळीतून धूळ जाईल.”

“थोडी जाएगी. पर हवा भी फिरेगी ना. पत्रा है, अंदर चूल्हा हो जाता.”

“चादरी आहेत. कोंबड्या नाहीत. त्यांना हवा कशाला?”

मिस्त्री हसला. “बराबर है सेठ. कोंबडी तो बोंबलती. चादर क्या बोलेगी?”

त्याने जाळी ठेवली नाही. उलट मी सांगितल्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून झाकणाच्या कडेला सगळीकडून बसवली. झाकण लावले की आतून हवेचा आवाज येई आणि ते घट्ट बसे. मी ते चार वेळा उघडून लावून पाहिले. जुने कॅरिअर मी घराच्या मागे भिंतीला टेकवून ठेवले.

इथे विणकरांच्या एका रीतीबद्दल सांगणे आवश्यक आहे. सुताला खळ दिलेली असते, त्यामुळे मागावरून उतरलेली चादर कडक असते. तशीच दुमडली तर घडी फुगते. म्हणून चादरीवर हाताने पाणी शिंपडायचे, ओलसर असतानाच घडी घालायची आणि रात्रभर फरशीखाली दाबून ठेवायची. सकाळी घडी कागदासारखी बसते. तेव्हा चादर किंचित दमट असते. तशीच ती गठ्ठ्यात बांधली जाते. सगळेच तसे करीत. मीही लहानपणापासून हे पाहत आलो होतो. ती चादर पुढे केव्हा आणि कशी वाळते, हे कोणी कधी विचारले नाही. ती पोहोचत असे तेव्हा कोरडी असे. एवढेच आम्हांला माहीत होते.

त्या वर्षी नळाला पाणी एक दिवसाआड येई. अण्णांच्या घरी पाण्याची दोन पिंपे होती. एक पिण्याचे, एक वापराचे. साठ चादरींवर पाणी मारायला त्यांनी वापराचे पिंप संपवले. त्यांच्या पत्नी माझ्यादेखत त्यांना मराठीत म्हणाल्या, “चादरीला आंघोळ, आन् आमाला पारोसं.” अण्णा म्हणाले, “त्या गुलबर्ग्याला चालल्यात. तू कुटं चाललीस?” दोघेही हसले. त्या घरात मी ऐकलेले ते शेवटचे हसणे. नंतर हसले असतील. मी तिथे नव्हतो.

शनिवारी सकाळी आम्ही साठ चादरी पेटीत रचल्या. त्या नेमक्या मावल्या. मधे बोटही शिरत नव्हते. अण्णांनी पेटीवरून हात फिरवला. “तिजोरीच की, सावकार,” ते म्हणाले. मी कुलूप लावले.

वळसंगला चहासाठी थांबलो. हॉटेलाच्या बाकावर दोघे-तिघे शेतकरी बसले होते. त्यांपैकी एकाने मोटारीभोवती फेरी मारली.

“सावकार, वर कोन झोपलंय म्हनायचं?”

“चादरी आहेत.”

“चादरी? मला वाटलं, कुनाला तरी पोचवायला निगाला. अशा पेटीत किरिस्तावांचं मढं न्हेत्यात.”

“तुमाला काय वाटंल त्याचा नेम न्हाय,” दुसरा म्हणाला. “लई झ्याक पेटी हाय. आत माशी न्हाय जायाची.”

हे वाक्य मला बरे वाटले. मी चहा संपवला आणि निघालो.

गुलबर्ग्याला पोहोचलो तोवर, शनिवार म्हणून, वसतिगृहाचे कार्यालय दुपारीच बंद झाले होते. पहारेकऱ्याने सोमवारी या म्हणून सांगितले. मी धर्मशाळेत उतरलो. उघडे कॅरिअर असते तर त्याच संध्याकाळी गठ्ठे सोडून खोलीत आणावे लागले असते आणि त्या खोलीला खिडक्या होत्या. या वेळी ते कष्ट नव्हते. मोटार अंगणात उभी होती, पेटीला कुलूप होते, किल्ली माझ्या खिशात होती. रविवारी दिवसभर ऊन होते. चैत्र संपत आला होता. दुपारी मी एकदा अंगणात गेलो आणि पेटीला हात लावला. चटका बसला. पत्रा तापणारच, असे म्हणून मी आत जाऊन आडवा झालो.

सोमवारी दहा वाजता व्यवस्थापक स्वतः खाली आले. मी कुलूप काढले, झाकण वर केले. आतून वाफ आल्यासारखे वाटले आणि ओल्या धोतराच्या बोचक्याला येतो तसा वास आला.

वरच्या दोन-चार चादरी ठीक होत्या. त्यांच्याखालची उलगडली तेव्हा लाल काठ पांढऱ्या जमिनीवर उतरला होता. घडीच्या प्रत्येक पदराने शेजारच्या पदरावर आपला काठ उमटवला होता. मी पुढची उलगडली. त्यापुढची. तळाच्या चादरींवर काळसर ठिपके धरू लागले होते.

“नमुना तुम्हीच आणला होता ना?” व्यवस्थापकांनी विचारले.

“हो.”

“हे कोणी विणले?”

“नमुना विणला त्यांनीच.”

“सूतही तेच? रंगही तोच?”

“तोच.”

त्यांनी चादर परत दुमडली. जशी होती तशीच, नीट. “मुलांना मी ही देऊ शकत नाही,” ते म्हणाले. मग झाकणाच्या कडेची रबरी पट्टी बोटाने दाबून पाहिली. “पेटी चांगली केली आहे. धूळ कुठेच नाही.”

ते टोमणा मारीत नव्हते. त्यांना पेटी खरोखर आवडली होती.

मी पुन्हा एकदा माल आणण्याची मुदत मागितली. शाळा सुटायला आल्या होत्या आणि त्यांना वरच्या समितीला लगेच उत्तर द्यायचे होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

सोलापूरला परतलो तेव्हा अण्णा दारातच होते. त्यांनी पेटी रिकामी नाही हे झाकण उघडण्याआधीच ओळखले; टप दबलेला होता. त्यांनी मधली एक चादर काढली, उलगडली नाही. फक्त घडीत हात घातला.

“अजून वली हाय, सावकार.”

त्यांनी हात बाहेर काढून बोटे एकमेकांवर चोळली.

“वाऱ्यानं वाळत व्हत्या,” ते म्हणाले. “वाटंनं. ताडपत्रीखालनं वारं जायाचं. इतकी वरसं वारं वाळवत व्हतं, आन् आमी म्हनायचो चादर चांगली हाय.”

त्यांच्या पत्नी आतून दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

अण्णा म्हणाले, “पानी मी मारलं. जास्त मारलं आसंल. काम मोटं म्हून हात सैल सुटला. तुमी काय करनार? तुमी तर पेटी केली.”

मिस्त्रीने जाळी ठेवू का म्हणून विचारले होते, हे त्या क्षणी सांगायला हवे होते. एक वाक्य होते. अण्णांनी पाणी नेहमीइतकेच मारले होते. मी तिथे उभा राहून पाहिले होते. मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.” त्यांनी ते मान्य केले. मी सावकार होतो.

पंधरवड्याने अण्णांनी माग मोडले. लाकूड साग नव्हते, पण जुने आणि सरळ होते. एका वखारवाल्याने घ्यायचे कबूल केले. ते पोहोचवायला मी मोटार दिली. मागाचे खांब आणि लाकडी रूळ पेटीत जाणे शक्यच नव्हते. चार बोल्ट सोडून मी पेटी उतरवली आणि भिंतीचे जुने कॅरिअर पुन्हा चढवले. अण्णांनी लाकडे स्वतः रचली, स्वतः बांधली. सुंभाची गाठ आवळून झाल्यावर ती धरून त्यांनी दोनदा हिसका दिला, माल निघताना नेहमी देत तसा. वखारीत उतरवायलाही तेच आले. शेवटचा खांब खाली ठेवल्यावर त्यांनी सुंभाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

त्यानंतर ते पॉवरलूमवर उभे राहिले. काही वर्षांनी त्यांना ऐकू येणे कमी झाले. रस्त्यात भेटले की ते लांबूनच हात वर करीत आणि आपल्याला स्वतःला ऐकू यावे इतक्या मोठ्याने म्हणत, “काय सावकार!” तेव्हा काही सांगायचे म्हटले असते तर भर रस्त्यात ओरडून सांगावे लागले असते. मी हात वर करून पुढे जात असे.

ते आता नाहीत. मिस्त्रीही नाही.

पेटी आहे. घराच्या मागे, विटांवर. पत्रा बऱ्याच ठिकाणी गंजला. रबर कडक होऊन तडकले. तिच्यात मी काही ठेवत नाही. मागच्या महिन्यात झाकण उघडून पाहिले आणि पुन्हा लावले. ते अजून घट्ट बसते.